चिंबोराझोचे वाटाडे

आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें, ती मी शाळेंत भूगोलाच्या तासाला कित्येक वर्षें सांगत असें. आतां वाटतें, ती मी चुकीची सांगत असें. तारीख, उंची, माणसांचीं नांवें यांत चूक नव्हती. तीं सर्व पुस्तकांत होतीं तशींच मीं सांगितलीं. चूक होती ती निवाड्याची. कांहीं माणसांना मीं दर वर्षीं चाळीस-पन्नास मुलांच्या समक्ष भित्रे ठरविलें, आणि त्यांची बाजू मांडावयास तेथें कोणी नव्हतें. आतां मी निवृत्त झालों आहें. समोर वर्ग नाहीं. म्हणून ही दुरुस्ती आपणांसमोर करीत आहें.

गोष्ट एका दिवसाची आहे. तो दिवस २३ जून १८०२, आणि स्थळ दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वत. त्या खंडाच्या पश्चिम कांठानें अँडीज पर्वताची जी लांबच लांब रांग गेली आहे, तिच्यांत, आजच्या इक्वेडोर देशांत, विषुववृत्ताच्या थोडें दक्षिणेस हा निद्रिस्त ज्वालामुखी उभा आहे. त्याची उंची सुमारें ६२६३ मीटर, म्हणजे साडेवीस हजार फुटांहून थोडी अधिक. हिमालयाशीं परिचय असलेल्या आपणांस ही उंची मोठी वाटणार नाहीं. परंतु अठराव्या शतकांत हिमालयाचीं शिखरें कोणीं मोजलीं नव्हतीं. १७३६ सालीं पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठीं फ्रेंच शास्त्रज्ञांची एक तुकडी या भागांत येऊन राहिली. तेव्हांपासून चिंबोराझो हाच जगांतील सर्वांत उंच पर्वत, अशी युरोपांत समजूत होती. पुढें धवलगिरीचें मोजमाप झालें, आणि १८५२ सालीं राधानाथ सिकदार यांच्या गणितानें आज आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतों त्या शिखराची उंची निश्चित झाली, तेव्हां हा मान हिमालयाकडे आला. तरीहि एक मौज शिल्लक राहिलीच. पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगीर असल्यामुळें, पृथ्वीच्या मध्यापासून मोजलें तर चिंबोराझोचा माथा एव्हरेस्टच्या माथ्याहून सुमारें दोन किलोमीटर अधिक दूर आहे. हें सांगितलें कीं वर्गांतील मुलें हमखास जागीं होत.

या पर्वतावर जाणारा पुरुष म्हणजे अलेक्झांडर फॉन हंबोल्ट. हा १७६९ सालीं बर्लिन येथें जन्मला. आईच्या मृत्यूनंतर हातीं आलेली वारसाची रक्कम आणि सृष्टींतील प्रत्येक वस्तु मोजून पाहण्याची अनावर हौस, यांच्या बळावर तो १७९९ सालीं एमे बाँप्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाला. दक्षिण अमेरिकेचा तो मुलूख तेव्हां स्पेनच्या राजाच्या सत्तेखालीं होता. १८०२ च्या आरंभीं हे दोघे किटो शहरीं पोचले. तेथें कार्लोस मोंतूफार नांवाचा, एका उमरावाचा तरुण मुलगा त्यांस येऊन मिळाला. याच मोंतूफारला पुढें स्वातंत्र्ययुद्धांत भाग घेतल्याबद्दल १८१६ सालीं गोळ्या घालून ठार करण्यांत आलें.

हंबोल्टला आपल्या देशाचीहि ओढ होती. हिमालय पाहावा, अँडीजशीं त्याची तुलना करावी, यासाठीं पुढें त्यानें ईस्ट इंडिया कंपनीकडे पुष्कळ खटपट केली. परंतु कंपनीनें त्याला हिंदुस्थानांत येऊं दिलें नाहीं. त्याचा हिमालय राहिला तो राहिलाच, आणि चिंबोराझोचा तो एक दिवस जन्मभर त्याच्या स्मरणांत घर करून बसला.

२२ जूनची रात्र या मंडळींनीं पायथ्याच्या काल्पी नांवाच्या खेड्यांत काढली. हें खेडेंच समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घोडीं आणि खेचरें घेऊन सर्वजण निघाले. बरोबर त्या भागांतील तद्देशीय लोक वाटाडे म्हणून होते. कोणत्या बाजूनें चढावें हें त्यांनींच ठरविलें. मात्र त्यांच्यापैकीं फारच थोडे कधीं काळीं कायमच्या बर्फाच्या सीमेपर्यंत पोचले होते, असें हंबोल्टनेंच नमूद करून ठेविलें आहे. हें वाक्य आपण ध्यानांत ठेवावें. मी तें वर्गांत नेहमीं गाळीत असें.

प्रथम विस्तीर्ण गवताळ माळ लागला. त्यावरून खेचरें संथपणें चालत होतीं. ठिकठिकाणीं थांबून हंबोल्ट वायुभारमापकांतील पाऱ्याची उंची टिपून घेई. जसजसें वर जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पारा उतरतो. त्या उतरण्यावरून उंचीचा हिशेब करतां येतो. पुढें एक लहानसें वाटोळें तळें लागलें. मग गवत संपलें, खडक लागले आणि आकाश ढगांनीं भरून आलें. मंडळींपैकीं कांहींजण थेट बर्फाच्या कडेपर्यंत जनावरांवर बसून गेले. तेथें मात्र वाहनाचा प्रवास संपला. घोडीं आणि खेचरें तेथेंच ठेवून सर्वजण पायीं निघाले.

सुमारें पांच हजार मीटर उंचीवर, म्हणजे युरोपांतील मों ब्लाँच्या माथ्याहूनहि वर, तो प्रसंग आला. वाटाड्यांनीं पुढें येण्याचें नाकारलें. विनवण्या झाल्या, धमक्या झाल्या. उपयोग झाला नाहीं. आम्हांला तुमच्यापेक्षां अधिक धाप लागते, असें त्यांचें म्हणणें पडलें. एकजण तेवढा थांबला. तो जवळच्याच सान हुआन गांवचा, स्पॅनिश आणि इंडियन अशा मिश्र रक्ताचा माणूस. हंबोल्ट, बाँप्लाँ, मोंतूफार आणि हा चौथा, असे चौघे पुढें निघाले.

येथें मी वर्गांत थांबत असें आणि आवाज चढवून म्हणत असें, "पाहा मुलांनो, भित्रे मागें फिरले आणि शूर पुढें गेले!" मुलांना तें फार आवडे. एका वर्षीं मात्र मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "गुरुजी, मग खालीं खेचरें कोणीं सांभाळलीं?" वर्ग हंसला. "असेल कोणी तरी," असें म्हणून मीं त्याला बसविलें आणि पुढची हकीकत सांगूं लागलों. मुलगा बसला, पण तो प्रश्न कांहीं बसला नाहीं. निवृत्तीनंतर हंबोल्टच्या मूळ लेखाचें इंग्रजी भाषांतर मला वाचावयास मिळालें, तेव्हां त्याचें उत्तर सांपडलें. तें मी क्रमानें सांगतों.

पुढची वाट म्हणजे एक धारदार कणा होता. स्पॅनिश लोक अशा कण्याला सुरीची पाठ म्हणत, आणि तें नांव यथार्थ होतें. कित्येक ठिकाणीं त्याची रुंदी आठ-दहा इंचांपेक्षां अधिक नव्हती. डाव्या हाताला कांचेसारखा गोठलेला बर्फाचा उतार. उजव्या हाताला शेंकडों फूट खोल दरी. दगड सुटे असल्यामुळें हातापायांवर रांगत जावें लागे. हातमोजे नव्हते, हातांना जखमा झाल्या. त्यांतच कांहीं आठवड्यांपासून हंबोल्टचा पाय दुखावलेला होता. मग मळमळ सुरू झाली, चक्कर येऊं लागली. हिरड्यांतून आणि ओठांतून रक्त येऊं लागलें, डोळे लाल झाले. सान हुआनच्या त्या माणसाला या सर्वांहून अधिक त्रास होत होता, असें हंबोल्ट लिहितो. तरीहि तो माणूस मागें फिरला नाहीं.

धुकें क्षणभर फांकलें आणि शिखराचा घुमट अगदीं जवळ दिसला. आशा वाढली. इतक्यांत समोर सुमारें चारशें फूट खोल आणि साठ फूट रुंद अशी एक घळ आडवी आली. पुढें वाट नव्हती. दुपारचा एक वाजला होता. हंबोल्टनें वायुभारमापक लावला; हिशेबानें उंची ५८७८ मीटर आली. शास्त्रीय उपकरणें हातीं घेऊन इतक्या उंचीवर तोंपर्यंत कोणी पोचल्याची नोंद नव्हती. पुढें १८०४ सालीं गे-ल्युसाक हा विमानाच्या फुग्यांतून सात हजार मीटरांवर गेला. चौघांनीं तेथले दगड निशाणी म्हणून खिशांत घातले आणि परत फिरले. उतरतांना प्रथम गारा पडल्या, मग दाट हिमवर्षाव सुरू झाला; कण्यावर बोटांच्या मापानें बर्फ सांचलें. हेंच बर्फ जर वर, अठरा हजार फुटांवर असतांना गांठतें, तर आमची धडगत नव्हती, अशी कबुली हंबोल्टनें दिली आहे.

दोन वाजून कांहीं मिनिटें झालीं तेव्हां ते खेचरें ठेविलेल्या जागीं आले. मागें राहिलेले ते लोक तेथेंच होते. ते त्यांची वाट पाहत होते. हंबोल्ट जातां जातां एवढेंच लिहितो कीं, आमच्याविषयीं त्यांना जरूरीपेक्षां अधिक काळजी लागून राहिली होती.

श्रोतेहो, हें वाचलें आणि मी पुस्तक मिटून बसलों. ज्यांना मीं पळपुटे म्हटलें होतें, ते पळाले नव्हते. ढग उतरलेले, वरून गारा आणि बर्फ. अशा वेळीं जनावरें धरून ते उभे राहिले होते, आणि ज्यांनीं त्यांस धमक्या दिल्या त्यांच्याचविषयीं काळजी करीत होते. तीं खेचरें तेथें नसतीं तर भिजलेल्या बुटांनीं, रक्ताळलेल्या हातांनीं आणि दुखऱ्या पायानें हंबोल्टनें काल्पी कसें गांठलें असतें, याचा विचार आपणच करावा.

आतां त्यांची बाजू. आम्हांला अधिक धाप लागते, हें त्यांचें म्हणणें बहाणा होता काय? डोंगरांत जन्मलेल्या माणसाला विरळ हवेचें कांहीं वाटत नाहीं, अशी आपली समजूत असते. पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्या लोकांच्या शरीरांत विरळ हवेला तोंड देण्याची कांहीं अधिक शक्ति येते, हें खरें. परंतु तिलाहि मर्यादा आहे. हा त्रास हवेंतील प्राणवायूचा दाब कमी झाल्यामुळें होतो, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं प्रयोगांनीं सिद्ध केलें. साडेपांच हजार मीटरांच्या सुमारास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि तेथें पहिलवान आणि पंडित, यजमान आणि चाकर, यांत विरळ हवा भेद करीत नाहीं. तीन हजार मीटरांवरचीं माणसें एका सकाळींत पांच हजारांवर चढलीं होतीं. त्यांस धाप लागली. आणि तसें त्यांनीं सांगितलें.

दुसरी गोष्ट अशी. युरोपांत शामोनीच्या खोऱ्यांत वाटाड्याचा धंदा याच काळांत आकार घेत होता. मों ब्लाँवर प्रथम चढणाऱ्या दोघांपैकीं जाक बालमा हा त्याच खोऱ्यांतील गांवकरी. तें साल १७८६. दुसऱ्या वर्षीं सोस्यूर हा शास्त्रज्ञ चढला तो अठरा वाटाडे घेऊन. १८२० सालीं डॉ. हॅमेल यांच्या मोहिमेच्या वेळीं नव्यानें पडलेल्या बर्फामुळें वाटाडे पुढें जाण्यास नाखूष होते, असें सांगतात. मोहीम पुढें गेली. बर्फाचा कडा सुटला. तीन वाटाडे मेले, प्रवासी सर्व वांचले. त्यानंतर १८२१ सालीं शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापिला. कामाची पाळी ठरली, दर ठरले, अपघातांत सांपडलेल्यांच्या मदतीसाठीं निधि उभा राहिला. काल्पीच्या वाटाड्यांना यांपैकीं कोणती सोय होती? परक्या मुलखांतील एका गृहस्थाला एक कांचेची नळी उंचावर नेऊन पाहावयाची होती. ती पाहून यांच्या शेतांत चार दाणे अधिक येणार नव्हते. आणि त्या धारेवरून पाय घसरला असता, तर घरच्यांना विचारणारें कोणी नव्हतें. अशा माणसानें बर्फाच्या कडेवर उभें राहून "येथून पुढें नाहीं" म्हणणें, यालाहि धैर्य लागतें.

हंबोल्ट कृतघ्न होता असें मला सुचवावयाचें नाहीं. तो गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, आणि मूळ रहिवाशांच्या ज्ञानाचा आदर करणारा होता. वाटाड्यांनीं दिलेलें कारण आणि त्यांची काळजी, हीं दोन्ही त्यानेंच प्रामाणिकपणें लिहून ठेविलीं, म्हणूनच आज आपणांस तीं कळतात. परंतु चिंबोराझोवरील आपला लेख त्यानें १८३७ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां पस्तीस वर्षें उलटून गेलीं होतीं. त्यांत दगडांच्या जाती आहेत, शेवाळांचीं नांवें आहेत, पारा किती रेषा उतरला हें आहे. शेवटपर्यंत बरोबर राहिलेल्या त्या चौथ्या माणसाचें नांव मात्र नाहीं. सान हुआनचा एक मिश्रवंशीय, एवढीच त्याची ओळख.

चिंबोराझोवरील वाटाड्यांचीं नांवें कधीं लिहिलीं गेलीं, तें पाहण्यासारखें आहे. १८८० सालच्या जानेवारीच्या ४ तारखेस एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज गिर्यारोहक या शिखरावर प्रथम पोचला. मॅटरहॉर्न जिंकणारा तो हाच. त्याच्याबरोबर जाँ-आंत्वान कारेल आणि लुई कारेल हे इटलीच्या आल्प्समधील कसलेले वाटाडे होते. सुमारें साडेसोळा हजार फुटांवरील मुक्कामांत या तिघांनाहि विरळ हवेनें अंथरुणावर पाडलें होतें. माथा गांठला, परंतु इक्वेडोरमध्यें पुष्कळांना तें खरें वाटेना. तेव्हां त्याच वर्षीं जुलैच्या ३ तारखेस व्हिंपर पुन्हां चढला, आणि या वेळीं दाविद बेलत्रान आणि फ्रान्सिस्को हावियेर कँपान्या या दोघां इक्वेडोरवासीयांना त्यानें बरोबर नेलें. दोघेहि माथ्यावर उभे राहिले. कँपान्याची शपथेवरची जबानी व्हिंपरनें आपल्या ग्रंथाला जोडली. म्हणजे स्थानिक माणसाचें नांव कागदावर आलें तें यजमानाला साक्षीदाराची गरज पडली तेव्हां. मीं स्वतःहि जन्मभर हेंच केलें असल्यामुळें, दुसऱ्यास बोल लावण्याचा अधिकार मला नाहीं.

आज चिंबोराझोवर सुमारें ४८०० मीटरांपर्यंत मोटार जाते, आणि तेथल्या निवाऱ्याला कारेल यांचें नांव दिलेलें आहे. पण त्या पर्वतावर नित्य जाणारीं माणसें निराळींच होतीं. बाल्तासार उश्का हा पायथ्याचा गांवकरी गाढवें घेऊन वर जाई. कुऱ्हाडीनें आणि पहारीनें बर्फाच्या लाद्या काढी, गवतांत गुंडाळून त्या गाढवांवर लादी आणि रिओबांबाच्या बाजारांत सरबतवाल्यांना विकी. त्याच्या वाडवडिलांचाहि हाच धंदा. यंत्रांचें बर्फ आल्यावर हा धंदा मोडला. एक एक करून सारे बाजूला झाले, आणि उश्का चिंबोराझोचा शेवटचा बर्फवाला म्हणून प्रसिद्धि पावला. २०२४ सालच्या ऑक्टोबरमध्यें तो वारला, तेव्हां त्याचें वय ऐंशी होतें. ज्या उंचीचा उच्चार आपण मोहीम या शब्दानें करतों, तेथें हा मनुष्य पोटासाठीं जात होता. त्याचें नांव तेवढें जगाला कळलें. त्याच्या आधीं जे गेले त्यांचें तेंहि नाहीं.

आतां थोडें घरचें. कांहीं वर्षांपूर्वीं मी सपत्नीक केदारनाथास गेलों होतों. गौरीकुंडापासून खेचर केलें. वाटेंत एका ओल्या उतारावर खेचरवाल्यानें मला खालीं उतरून चालावयास सांगितलें. पैसे पुरे मोजले होते. म्हणून मी कुरकुर केली. तो कांहीं बोलला नाहीं. एका हातानें लगाम आणि दुसऱ्या हातानें माझें कोपर धरून त्यानें तेवढी वाट मला पार करविली, आणि मग पुन्हां खेचरावर बसविलें. देवळाचीं छायाचित्रें माझ्यापाशीं आहेत, पावत्या आहेत, खर्चाचा हिशेब वहींत उतरविलेला आहे. त्याचें नांव मीं विचारलें होतें. त्यानें सांगितलेंहि होतें. आज तें मला आठवत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळ जण यंदा कोठें ना कोठें डोंगरावर जातील. कोणी यात्रेस, कोणी हवा पालटण्यास. अर्धी वाट घोड्यावर होईल, अर्धी पायीं. घोडें धरणारा कोठें तरी थांबेल आणि म्हणेल, "आतां उतरा," किंवा म्हणेल, "आज पुढें नको." त्या वेळीं त्याचें ऐकावें, आणि घरीं येऊन प्रवासाची वही लिहाल तेव्हां उंचीच्या आंकड्याशेजारीं त्याचें नांवहि लिहावें, एवढीच विनंति.

आणि मागच्या बांकावरच्या त्या मुलाला उत्तर द्यावयाचें राहून गेलें आहे. तो आतां मोठा झाला असेल. कदाचित् हें भाषण ऐकतहि असेल. बाळा, तीं खेचरें त्यांनींच सांभाळलीं. तुझा प्रश्न बरोबर होता.